रोजचा ताण : ओळख आणि उतारा

बंगळूर शहराच्या पूर्वेस, कोलारकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, होसकोटे हे तालुक्याचे गाव लागते. कानडीत ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे किल्ला. मराठी वाचकांना हे नाव परके वाटू नये. कारण सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीकडून शहाजीराजांना कर्नाटकात जी जहागीर मिळाली, तीत बंगळूर, कोलार ह्यांच्याबरोबर होसकोट्याचाही समावेश होता. आज तेथे जुना मोठा तलाव आहे, अविमुक्तेश्वराचे देऊळ आहे आणि त्यांच्या सभोवार कारखाने, गोदामे व उंच इमारती ह्यांचा पसारा वाढत चालला आहे. व्होल्वोच्या मालमोटारींचा कारखाना १९९८ साली ह्याच परिसरात सुरू झाला आणि मागोमाग इतरही उद्योग आले. सकाळी सात-आठच्या सुमारास शहराच्या दिशेने जाणारा रस्ता पाहावा, म्हणजे नोकरीच्या वेळेशी चाललेली माणसाची झटापट उघड्या डोळ्यांनी दिसते.

ह्याच होसकोट्याची आणखी एक ख्याती आहे. रविवारी पहाटे, अजून उजाडलेही नसते तेव्हा, येथील बिर्याणी खाण्यासाठी शहरातून माणसे येतात आणि लांबलचक रांगेत उभी राहतात. झोपमोड झालेली, पोटात भूक, उभे राहून पाय दुखत असलेले. पण गप्पा रंगलेल्या असतात. सोमवारी सकाळी तीच माणसे त्याच रस्त्यावर वाहनांच्या रांगेत तितकाच वेळ अडकली, तर त्यांचे जबडे आवळलेले असतात आणि बोटे भोंग्यावर आपटत असतात. असे का व्हावे? रविवारची रांग त्यांनी आपण होऊन पत्करलेली असते. कंटाळा आला तर घरी परतण्यास कोणी अडवीत नाही. सोमवारच्या रांगेतून बाहेर पडण्याची सोय नसते. शिवाय रविवारच्या रांगेच्या शेवटी जेवण आणि विसावा असतो. सोमवारच्या रांगेच्या शेवटी दुसरी रांग उभी असते.

ताणाची उकल करताना हा भेद ध्यानात ठेवावा. माणसाला केवळ कष्टाने ताण येतो असे नाही. जेथे आपले काही चालत नाही आणि जेथे ओझे खाली ठेवण्यास जागाच सापडत नाही, तेथे तो साठत जातो. ब्रिटनमधील सरकारी नोकरांचा जो दीर्घकालीन अभ्यास ‘व्हाइटहॉल’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे, त्यातही हेच दिसून आले. आपले काम कसे व केव्हा करावे हे ठरविण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांना हृदयविकार अधिक. सर्वांत जास्त ताण वरिष्ठ साहेबांना, ही समजूत त्या अभ्यासाने बरीच ढिली केली.

शरीरात काय घडते, ते प्रथम पाहू. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन ह्यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, भय किंवा क्रोध उत्पन्न होताच प्राण्याचे शरीर क्षणार्धात झुंजण्याची किंवा पळण्याची तयारी करते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत. त्यांतून ॲड्रिनॅलिन हे द्रव्य रक्तात मिसळते. हृदय वेगाने धावू लागते, यकृतातील साखर रक्तात उतरते, पोटाकडील रक्त स्नायूंकडे वळते, तोंडास कोरड पडते. समोर वाघ असेल तर ही व्यवस्था प्राण वाचविणारी आहे. परंतु समोर वाघ नसून मुख्य अधिकाऱ्याचा निरोप, शाळेच्या शुल्काची शेवटची तारीख किंवा नळाला न आलेले पाणी असेल, तर झुंजावयाचे कोणाशी आणि पळावयाचे कोठे? शरीराने केलेली सगळी सिद्धता तशीच अंगात राहते.

त्यानंतर १९३६ साली हान्स सेल्ये ह्या तरुण संशोधकाने कॅनडातील माँट्रियल येथून ‘नेचर’ ह्या नियतकालिकात एक छोटेसे पत्र प्रसिद्ध केले. उंदरांना थंडीत ठेवा, दमवा, इजा करा किंवा विषारी द्रव्य टोचा. कारणे निरनिराळी, पण परिणाम मात्र ठराविक. त्या ग्रंथी सुजतात, रोगप्रतिकाराशी संबंधित ग्रंथी आक्रसतात आणि जठरात व्रण पडतात. सेल्ये ह्यांनी ह्या क्रमाच्या तीन पायऱ्या मांडल्या: आधी धोक्याची हाक, मग तग धरणे आणि शेवटी थकून कोसळणे. मधली पायरी फसवी असते. त्या अवस्थेत माणूस कामे उरकतो, हसतो, पाहुण्यांना चहा देतो. आपण अगदी ठीक आहोत असे त्याला आणि इतरांनाही वाटते. आपल्यापैकी बहुतेकांचा ताण ह्याच पायरीवर असतो, म्हणून तो ओळखू येत नाही.

तथापि मराठी भाषेने तो फार पूर्वीच ओळखलेला आहे. आपल्या घरांत ‘मला ताण आला आहे’ असे म्हणण्याची पद्धत अलीकडची. आजी-आजोबा म्हणत, ‘डोके उठले’, ‘पोटात गोळा आला’, ‘हातपाय गळाले’, ‘छातीवर दडपण आले’, ‘जीव टांगणीला लागला’. ही सारी अवयवांची भाषा आहे, आणि ती शास्त्राशी चांगलीच जुळते. मानेचे व खांद्यांचे स्नायू तासन् तास आखडलेले राहिले की डोके दुखते. पचनाकडचे रक्त वळले की भूक मरते किंवा पित्त होते. म्हणून घरात कोणी वारंवार ‘पित्त झाले आहे’ म्हणून निजत असेल, तर ते पित्त विशिष्ट वारीच होते का, पाळी बदलल्यावर होते का, महिनाअखेरीस होते का, हे एकदा पाहावे. मुलांच्या बाबतीत तर परीक्षेच्या सकाळची पोटदुखी हे ढोंग समजून दटावण्याची चाल आहे. ती पोटदुखी बहुधा खरी असते.

दुसरी खूण अंगात न दिसता वागण्यात दिसते. नेहमी शांत असणारा मनुष्य चमचा पडल्याच्या आवाजाने चिडतो. नेहमी बोलणारी सून चार दिवस मोजके बोलते. एकच कागद तीनदा वाचावा लागतो, किल्ली कोठे ठेवली ते आठवत नाही, अंथरुणावर पडताच उद्याची कामे डोळ्यांपुढे उभी राहतात, किंवा झोप लागते पण पहाटे तीनला उडते. अशा वेळी आपण विचारतो, ‘काय झाले?’ आणि उत्तर येते, ‘काही नाही.’ मराठी घरांतून सर्वाधिक वेळा दिले जाणारे उत्तर हेच असावे. त्यावर दुसरा प्रश्न विचारण्यास आपण बहुधा थांबत नाही.

आता होसकोट्याच्या परिसरातील एखादे मराठी कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. पुरुष कारखान्यात पाळीवर जातो. गृहिणी लग्नाआधी सोलापुरास नोकरी करीत होती. बदलीमुळे ती सोडावी लागली. दोन मुले, सोबत सासूबाई. शेजारी कानडी, तेलुगू, तमिळ बोलणारी चांगली माणसे आहेत. पण मनातले बोलावयाचे तर शब्द अपुरे पडतात. सोलापुरास दारात बसून जे सहज बोलून होत असे, ते येथे दिवसभर मनात राहते आणि रात्री पतीच्या कानी पडते तेव्हा तो रात्रपाळीस निघालेला असतो. मुलाला शाळेत कानडी जड जाते. सासूबाईंना औषधे आणण्यास कोणी तरी जावे लागते. ह्या घरात कोणीही कोणाचे वाईट करीत नाही, पैशाची फारशी ओढ नाही, भांडणही नाही; पण दिवसाच्या चोवीस तासांत कोणाचेच ओझे खाली ठेवले जात नाही. असे घर इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत किंवा पुण्याच्या बाहेरील नव्या वसाहतीतही असू शकेल, हे वाचकांना सांगावयास नको.

हे ओझे पूर्वी कोठे ठेवले जात असे? ह्या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातील जात्यापाशी सापडते. पहाटे दोघी बायका जात्याच्या दोन बाजूंस बसत आणि दळता दळता ओव्या गात. त्या ओव्यांत देव आहे, भाऊ आहे, माहेर आहे. आणि सासुरवास आहे, नवऱ्याची उपेक्षा आहे, मूल दगावल्याचे दुःख आहे. चारचौघांत जे बोलता आले नसते ते जात्याच्या घरघरीत म्हणता येई. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ ह्या अभ्यासकांनी पुण्याहून महाराष्ट्राच्या खेड्यांत हिंडून अशा ओव्यांचा संग्रह केला. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. २०१७ पासून ‘परी’ ह्या संकेतस्थळावर त्या ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध होत आहेत. इतक्या बायकांनी इतक्या पहाटे इतके काही सांगितले, ही गोष्टच विचार करावयास लावणारी आहे.

जाते गेले आणि पिठाची गिरणी आली, हे फार चांगले झाले. तांबडे फुटण्याआधी उठून तास-दोन तास दगड फिरवण्याचे कष्ट परत यावेत असे म्हणणाऱ्याने ते एक आठवडा स्वतः करून पाहावे. पण कष्टांबरोबर सांगण्याची वेळ आणि सांगण्याची सोबतीणही गेली, ही नोंद कोणी केली नाही. नवी सोय करताना जुन्या सोयीत आणखी काय काय होते, हे आपण क्वचितच पाहतो.

मनातले बाहेर काढण्याने खरोखरच काही होते का, असे कोणी विचारील. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर ह्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या आयुष्यातील अत्यंत क्लेशकारक प्रसंगाविषयी मोकळेपणाने लिहावयास सांगितले. इतरांना किरकोळ विषय दिले. प्रसंग आणि त्यासंबंधीच्या भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढील महिन्यांत दवाखान्याच्या पायऱ्या कमी चढले. पुढे अशा प्रकारचे पुष्कळ प्रयोग झाले आणि लाभ बेताचाच असतो असे दिसले; काहींना लिहिताना आरंभी अधिकच वाईट वाटते. तरीही हा उपाय बिनखर्ची आहे. ज्याला सोबतीण नाही, त्याने वही घ्यावी. ती वही जपून ठेवलीच पाहिजे असे नाही. लिहून फाडून टाकली तरी चालेल. मात्र घरातील इतरांनी ती चोरून वाचू नये, एवढे पथ्य पाळावे.

दुसरा उतारा शरीराच्या वाटेने जातो, आणि तोही आपल्याच मुंबईत तपासला गेला. डॉ. के. के. दाते हे मुंबईतील नामवंत हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी सहकाऱ्यांसह उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकविले आणि त्याचा निष्कर्ष १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. ज्या दहा रुग्णांना औषध दिलेले नव्हते, त्यांचा सरासरी मध्यम रक्तदाब १३४ वरून १०७ पर्यंत खाली आला. औषधावर असलेल्या इतर रुग्णांपैकी कित्येकांची औषधाची गरज कमी झाली, सर्वांचीच नव्हे. ह्या प्रयोगात आजच्यासारखा तुलनेचा स्वतंत्र गट नव्हता. ती उणीव इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल ह्यांनी भरून काढली. १९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटणी केली होती आणि शिथिलीकरणाचा लाभ तेथेही दिसला. हे वाचून कोणी आपल्या रक्तदाबाची गोळी बंद करू नये. ती बंद करणे किंवा कमी करणे हे डॉक्टरांचे काम आहे.

शवासन दिसते सोपे, पण करणे कठीण. उताणे पडावे, पाय किंचित विलग, तळहात वर. पायाच्या बोटांपासून आरंभ करून एकेक अवयव मनाने शोधावा आणि सैल सोडावा. पोटऱ्या, मांड्या, पोट, खांदे. आणि मुख्यतः जबडा, कपाळ व जीभ. जीभ आखडलेली असते हे बहुतेकांना पडून पाहीपर्यंत ठाऊकच नसते! श्वास मोजू नये, ओढू नये. बाहेर जाणारा श्वास जरा लांबू द्यावा, एवढेच. पहिल्या आठवड्यात घोरणे सुरू होते. त्याची लाज नको. ज्याला पडताच झोप लागते त्याला झोपेचीच गरज असते. पंधरा मिनिटे पुरेत. खोलीचे दार लावून घ्यावे आणि घरातील मंडळींनी ती पंधरा मिनिटे ‘जरा एक मिनिट’ म्हणून मोडू नयेत.

श्वासासंबंधी एक गमतीदार गोष्ट सांगण्यासारखी आहे. इटलीतील लुचानो बेर्नार्डी ह्या वैद्याने आपल्या सहकाऱ्यांसह २३ निरोगी माणसांना लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि बौद्धांचा एक मंत्र म्हणावयास लावले आणि श्वास, नाडी व रक्तदाब मोजले. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या त्या लेखानुसार दोन्हींमुळे श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावली, आणि त्या गतीला हृदय व रक्तदाब ह्यांचे ताल एकमेकांशी चांगले जुळले. दिवेलागणीला मुलांना हातपाय धुवून देवापुढे बसविण्याची रीत ज्या घरांत अजून आहे, तेथे हे काम न कळत होतच असते. ज्यांची श्रद्धा नाही त्यांनी आवडीचे गाणे संथपणे गुणगुणावे. फुप्फुसे धर्म विचारीत नाहीत.

पाळीवर काम करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे, आणि तिच्याकडे घरच्यांचे फारसे लक्ष जात नाही. शरीरात दिवसरात्रीचे एक घड्याळ असते. त्याची घडण शोधून काढणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ मागे सरकविणे सोपे, पुढे ओढणे अवघड. म्हणजे उशिरा झोपणे जमते, लवकर झोपणे जमत नाही. ह्याच आधारावर १९८२ साली अमेरिकेच्या युटा राज्यातील एका खनिजांच्या कारखान्यात पाळ्यांचा क्रम बदलून पाहिला गेला. सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम लावला आणि दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी पाळी बदलली. तेव्हा कामगारांचे समाधान व प्रकृती सुधारली आणि उत्पादनही वाढले. आपल्या कारखान्यातील क्रम बदलणे आपल्या हाती नसेल. कामगार संघटनेने तो विषय व्यवस्थापनापुढे मांडण्यास मात्र हरकत नाही. घरापुरते एवढे करता येते: रात्रपाळीहून आलेल्याच्या खोलीस जाड पडदा लावावा, दाराची घंटा बंद ठेवावी, आणि त्याला दुपारी बारा वाजता बँकेत पाठवू नये. रात्री बारा वाजता आपल्याला कोणी बँकेत पाठविले असते तर?

कॉफीचेही असेच. बंगळूरकडे घरोघर गाळणीची कॉफी उत्तम होते, आणि तिला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच विचार नाही. पण तिच्यातील कॅफीन रक्तातून निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या पेल्यातील अर्धे कॅफीन रात्री अकराला अंगातच असते. ज्यांची झोप उडते त्यांनी दुपारनंतरची कॉफी व चहा पंधरवडाभर सोडून पाहावा. दारूने झोप येते असे म्हणणारे अर्धेच खरे सांगतात. ती लवकर झोपविते आणि मध्यरात्री उठविते.

आता थोडे नाजूक विषयाकडे वळतो. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली भारतीयांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. शिवाय घरकामात त्या दिवशी काही तरी हातभार लावलेल्या स्त्रिया शेकडा ८१, तर पुरुष शेकडा २६. जिला पाच तास हे काम आहे तिला ‘तू जरा शवासन करीत जा’ असे सांगणे म्हणजे तिच्या यादीत आणखी एक काम घालणे होय. आधी तिची पंधरा मिनिटे मोकळी झाली पाहिजेत आणि ती दुसऱ्या कोणाच्या तरी दिवसातून यावी लागतील.

आमच्या मते ह्या मोकळ्या वेळेची नुसती इच्छा धरू नये, तिची वाटणी ठरवावी. ‘मदत करतो’ ह्या शब्दात एक खोच आहे: काम तिचे, मी उपकार करतो. त्याऐवजी एक काम संपूर्ण घ्यावे. सासूबाईंची औषधे पतीकडे; म्हणजे संपत आली हे लक्षात ठेवणेही त्याच्याकडेच, तिने आठवण करावयाची नाही. मुलाचा डबा धुणे मुलाकडे. कोणत्या कामाचा किती वेळ लागतो ह्याहून, ते काम कोणाच्या डोक्यात राहते हे ताणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. आणि सासूबाईंनाही कामातून वगळून ‘तुम्ही बसा’ असे म्हणण्यात नेहमी सुखच असते असे नाही. ज्याला घरात काहीच ठरविता येत नाही त्याचाही जीव कोंडतो. भाजी कोणती करावयाची हे त्यांनी ठरवावे.

वरच्या कल्पनेतील कुटुंबातील गृहिणीने आणखी एक गोष्ट करावी, असे आम्ही सुचवू. कानडी शिकावी. भाषा येऊ लागली की बाजार, शाळा, दवाखाना येथे आपले चालू लागते, आणि ‘आपले काही चालत नाही’ हे ताणाचे मूळच तेथे तुटते. मराठी माणसाला कानडी तशी परकी नाही. ‘अण्णा’, ‘अक्का’ हे आपल्या घरातले शब्द तिकडेही रोजचेच आहेत. शेजारणीकडून पदार्थाच्या बदल्यात भाषा घेता येते.

इतके सर्व करूनही ताण हटत नाही, अशी वेळ येते. कारण ती वेळ ताणाची राहिलेली नसते, आजाराची झालेली असते. आणि ह्या दोहोंतील सीमा ओळखणे फार महत्त्वाचे आहे. दोन आठवडे किंवा अधिक काळ मन उदास राहणे, पूर्वी आवडणाऱ्या कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक पार बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे सतत वाटणे, अंघोळ-स्वयंपाकासारखी रोजची कामेही डोंगराएवढी वाटणे: अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. धडधड, थकवा, चिडचिड ही रक्तक्षय, गलग्रंथीचा विकार किंवा मधुमेह ह्यांमुळेही होते, म्हणून साधी रक्ततपासणी आधी व्हावी. छातीत दुखून घाम आला व डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर ‘ताण असेल’ म्हणून पडून राहू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि कोणी ‘जगण्यात अर्थ नाही’ असे बोलले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. ‘जीव देण्याचा विचार मनात येतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे; बहुतेकांना कोणी तरी विचारले म्हणून हायसे वाटते. अशा माणसास एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके व गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवावी.

आपल्याकडे अशी मदत घेण्यास लोक किती कचरतात, हे बंगळूरच्याच निम्हान्स ह्या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत दिसून आले. प्रौढांपैकी शेकडा १० हून अधिक लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि निरनिराळ्या आजारांत शेकडा ७० ते ९२ जणांना उपचार मिळालेले नव्हते. हीच संस्था १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था म्हणून उभी राहिली आणि १९७४ साली तिला सध्याचे स्वरूप आले. तिच्या तज्ज्ञांनी १९७० च्या दशकात शहराबाहेरील सकलवारा येथे ग्रामीण केंद्र चालविले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांस व सेवकांस मानसिक आजार ओळखण्याचे शिक्षण दिले. अशाच अनुभवावर १९८२ सालचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. मोठ्या शहरातील मोठ्या डॉक्टरांकडेच गेले पाहिजे असे नाही, हे तेव्हापासून ठाऊक आहे. गोव्यात तर ‘संगत’ ह्या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, परंतु शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांना उदासीनतेच्या रुग्णांशी बोलावयास बसविले. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेटीत अर्धा-पाऊण तास बोलणे आणि सुटून गेलेली लहानसहान कामे व भेटीगाठी पुन्हा सुरू करण्याची हळूहळू सवय. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या प्रयोगाच्या वृत्तांतानुसार अशा रुग्णांना, नेहमीच्याच उपचारांवर असलेल्या रुग्णांपेक्षा, बरे वाटण्याचे प्रमाण अधिक होते.

ज्यांना आपल्या गावी कोणाजवळ बोलावे हे सुचत नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. दिवसरात्र केव्हाही लावता येतो, पैसे पडत नाहीत. पलीकडे शिकलेला समुपदेशक असतो आणि गरज पडल्यास तो पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. संभाषणाची भाषा निवडता येते; तीत कानडी आहे, तशी मराठीही आहे.